वेस्टर्नमधल्या हिरोंचे घोडे : जिवाभावाचे सोबती की स्टुडिओची जाहिरात?

जुना_प्रोजेक्टर (धागालेखक)

मंडळी, सध्या आमच्याकडे जुन्या काउबॉयपटांचा रतीब चालू आहे. रात्रीची जेवणं आटोपली की एक सिनेमा. चाळीस-पन्नासच्या दशकातले, तासाभरात संपणारे, बहुतेक कृष्णधवल. कथा सगळ्यांची एकच : कुरणाचा तंटा, बँकेवर दरोडा, गावातला एक प्रतिष्ठित चोर आणि शेवटी धुरळा उडवत पाठलाग.

श्रेयनामावली बघताना मात्र गंमत वाटते. रॉय रॉजर्सच्या कितीतरी सिनेमांत पहिलं नाव त्याचं, दुसरं ट्रिगर या त्याच्या घोड्याचं. नायिका डेल इव्हान्स त्यांच्यामागून येते. पोस्टरवर रॉय हा 'काउबॉयांचा राजा' आणि ट्रिगर 'सिनेमातला सर्वांत हुशार घोडा'. जीन ऑट्रीचा चॅम्पियन, टॉम मिक्सचा टोनी, लोन रेंजरचा सिल्व्हर, हॉपअलाँग कॅसिडीचा टॉपर, सगळ्यांची तीच तऱ्हा.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला बरं. हे 'जिवाला जीव देणारा घोडा' प्रकरण निम्म्याहून अधिक स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यानं शिजवलेलं होतं. ट्रिगर नावाचा एकच घोडाही नव्हता. कसरती करायला वेगळा, गावोगावी मिरवायला वेगळा, क्लोजअपला वेगळा. पोरांनी मात्र एकाच घोड्यावर जीव टाकला आणि त्या नावाची खेळणी, कॉमिक्स, डबे विकत घेतले.

प्रश्न असा : यातल्या कुठल्या नटाचं घोड्याशी खरंच काही नातं होतं का? कॅमेरा बंद झाल्यावरचं?

---

खोगीरभरती

पैला!

बाकी श्रेयनामावलीत घोडा आधी आणि बायको नंतर, एवढं होऊनही रॉय आणि डेल यांचा संसार १९४७च्या अखेरीपासून १९९८ साली रॉय जाईपर्यंत टिकला. अर्धशतक! मी आमच्या स्कूटरचं नाव बायकोच्या आधी घेऊन दाखवतो, पुढचा प्रतिसाद ससूनमधून येईल.

---

परदेशी_पाखरू

धागा आवडला. मी मिझुरीत राहते. इथल्या ब्रॅन्सन गावात रॉय रॉजर्सचं म्युझियम होतं, ते बंद व्हायच्या आधी आम्ही जाऊन आलो होतो. तिथे ट्रिगर 'आहे' असं सांगितलं तेव्हा मला वाटलं पुतळा असेल. नाही हो, खराखुरा! १९६५ साली तो मेल्यावर रॉयनं त्याचं कातडं साच्यावर चढवून घेतलं. मागच्या दोन पायांवर उभा, पुढचे पाय हवेत, अंगावर चांदीच्या नक्षीचं खोगीर. शेजारी डेलचा घोडा बटरमिल्क आणि बुलेट कुत्रा, तेही तसेच.

माझा मुलगा तेव्हा लहान होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग विचारलं, "आई, ह्याला खाली कधी उतरू देणार?" मला काही सुचेना.

म्युझियम २००९च्या शेवटी बंद पडलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला क्रिस्टीजनं लिलाव केला, त्यात ट्रिगर २,६६,५०० डॉलरला गेला. नेब्रास्कातल्या आरएफडी-टीव्ही नावाच्या वाहिनीनं घेतला. बुलेटचे वेगळे ३५,००० आले.

---

हेमांगी_के

बापरे. अंगावर काटा आला. हे प्रेम आहे की काय आहे? मेलेल्या माणसाचा फोटो लावतो आपण, त्याला पेंढा भरून दिवाणखान्यात नाही बसवत.

---

परदेशी_पाखरू

@हेमांगी_के, तांत्रिक दुरुस्ती : पेंढा नव्हता, आत साचा होता. आणि रॉय स्वतः यावर विनोद करायचा. आपली वेळ आली की आपलंही कातडं काढून ट्रिगरवर बसवा, म्हणायचा.

---

खोगीरभरती

त्याचा लिलाव केवढ्याला गेला असता?

---

जुना_प्रोजेक्टर

खोभ, गप्प बसा जरा :)

पण पाखरूताई, माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात. घोडा मेल्यावरही तिकीटखिडकीवर उभाच. आता ट्रिगरची मूळ कथा सांगतो. हा भाड्यानं घोडे देणाऱ्या हडकिन्स स्टेबल्सचा घोडा. तेव्हा त्याचं नाव गोल्डन क्लाउड. १९३८च्या रंगीत 'द अॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हुड'मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंड ज्या सोनेरी घोड्यावर बसते, तो हाच. त्याच वर्षी रिपब्लिक स्टुडिओनं रॉयला पहिल्यांदा नायक केलं आणि भाड्याच्या घोड्यांतून हा निवडला गेला. पुढे रॉयनं तो २,५०० डॉलर मोजून विकत घेतला. त्या काळी ही मोठी रक्कम होती, हे मान्य. पण ती प्रेमापोटी, की हा घोडा उद्या दुसऱ्या कुणी उचलला तर आपलं दुकान बसेल म्हणून? मी दुसऱ्या बाजूला आहे.

---

रांगडा_पन्हाळगडी

प्रोजेक्टरकाका, पोटापाण्याचं जनावर आणि लाडकं जनावर ह्या दोन गोष्टी वेगळ्या कवापासून झाल्या? आमच्या आज्ज्याची बैलजोडी म्हणजे पोटापाणीच. तरी बेंदराला पुरणपोळी पैल्यांदा त्यांना, मग घरच्यांना. तुमचा प्रश्नच शहरी हाय, राग मानू नका.

---

टापटीप

रांगडा +१.

आणि 'खरंच नातं असलेला नट' हवा असेल तर रॉयला सोडा. जेम्स स्टुअर्ट आणि पाय.

पाय हा तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा पट्टा असलेला, अंगानं लहानसाच घोडा. 'विंचेस्टर ७३'पासून (१९५०) जवळजवळ वीस वर्षं स्टुअर्टच्या वेस्टर्नमध्ये तो आहे. सतरा सिनेमे. पोस्टरवर नाव नाही, खेळणी नाहीत, कॉमिक नाही. आणि प्रोजेक्टरकाका, हे नीट ऐका : तो स्टुअर्टचा नव्हताच. स्टीव्ही मायर्स नावाच्या बाई त्याच्या मालकीण. स्टुअर्टनं पुन्हा पुन्हा विचारलं, त्यांनी विकला नाही. म्हणजे हा हॉलिवूडचा एवढा मोठा तारा दर सिनेमाच्या वेळी भाडं भरून आपल्या मित्राला भेटायला जायचा.

'द फार कंट्री'त एक प्रसंग आहे. खोगिराला घंटी बांधलेला घोडा रात्री गावच्या रस्त्यावरून एकटाच चालत जातो. वर स्वार नाही. खलनायकांना वाटतं, आला, आणि ते अंधारात गोळ्या झाडून स्वतःची जागा दाखवून बसतात. आता घोड्यानं एकट्यानं, मध्ये न थांबता, रस्ताभर सरळ चालायचं म्हणजे शिकवायला हवं. तशी तयारी कुणी केलेली नव्हती. स्टुअर्ट पायपाशी गेला, कानाशी काहीतरी बोलला, आणि पायनं एका दमात करून दाखवलं. ही गोष्ट स्टुअर्ट आयुष्यभर मुलाखतींत सांगत राहिला.

---

नागपुरी_तडका

कानात बोलला म्हंजे काय बोलला बे? 'पलीकडच्या टोकाला बादलीभर ओट ठेवलेत' हेच बोलला असंन.

---

टापटीप

असेलही! पण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर चालला असता का?

शेवट राहिला. १९७० सालच्या 'द शायान सोशल क्लब'चं चित्रीकरण न्यू मेक्सिकोत, सांता फेजवळ चालू होतं. उंचावरची विरळ हवा, पाय म्हातारा झालेला. त्याला काम झेपेना, म्हणून दुसरा घोडा वापरावा लागला. सोबत हेन्री फोंडा होता. हे दोघं तरुणपणापासूनचे मित्र, आणि फोंडाचा हात चित्रकलेत चांगला. त्यानं सुट्टीच्या दिवशी जाऊन गुपचूप पायची रेखाटनं केली, घरी जाऊन त्याचं जलरंगातलं चित्र काढलं आणि स्टुअर्टला भेट दिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाय गेला. ते चित्र स्टुअर्टच्या घरात कायम भिंतीवर होतं.

---

हेमांगी_के

हे चालेल. ट्रिगरपेक्षा हे चित्र हजारदा बरं.

---

डॉ_खरारा

थोडी पशुवैद्यकीय भर घालतो.

प्रोजेक्टर म्हणतात तसे ट्रिगरचे बदली घोडे होतेच. सावजी नुसती तिखट असते असं कुणी म्हटलं तर तडकाभाऊंना जसं होईल तसं मला ट्रिगरबद्दल 'पॅलोमिनो जातीचा घोडा' असं कुठे वाचलं की होतं. पॅलोमिनो ही जात नव्हे, रंग आहे. तांबूस घोड्यात रंग फिका करणाऱ्या क्रीम जनुकाची एक प्रत आली की अंग सोनेरी आणि आयाळ-शेपूट पांढरी होते. दोन प्रती आल्या की घोडा जवळजवळ दुधी, डोळे निळसर. त्यामुळे दोन पॅलोमिनोंचा जोडा लावला तरी सरासरी निम्मीच शिंगरं सोनेरी निघतात. पाव तांबूस, पाव दुधी. हुबेहूब दुसरा ट्रिगर पैदा करणं हे म्हणूनच भरवशाचं काम नव्हतं. सापडेल तिथून दिसायला सारखे घोडे गोळा करायचे, हाच मार्ग.

'ट्रिगर ज्युनियर' नावाचा घोडा होता ना, तो मूळ ट्रिगरचा मुलगा नव्हता. वेगळ्याच वंशाचा, टेनेसी वॉकर जातीचा. आणि 'लिटल ट्रिगर' हा नकलाकार. हॉटेलच्या वहीत पेन्सिल तोंडात धरून फुली मारणं, नमस्कार करणं, पायानं आकडे मोजणं ही सगळी त्याची कामं. ग्लेन रँडल हा त्यांचा शिक्षक. आपल्याकडे चाबूकस्वार म्हणतात तो माणूस. १९५९च्या 'बेन-हर'मधल्या रथांचे घोडेही याच रँडलनं तयार केले.

---

खोगीरभरती

डॉक्टर, घोडा हॉटेलात गेला म्हणजे... स्वच्छतेचं काय?

---

डॉ_खरारा

लिटल ट्रिगरला त्याचीही शिकवणी होती म्हणतात. १९५४ साली ब्रिटनच्या दौऱ्यात रॉय लिव्हरपूलच्या अॅडेल्फी हॉटेलात तापानं आडवा होता, तेव्हा ट्रिगरला जिन्यावरून त्याच्या भेटीला नेलं होतं. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार हजर होते हे सांगायला नकोच. इथे माझं मत प्रोजेक्टर यांच्या पारड्यात.

---

जुना_प्रोजेक्टर

धन्यवाद डॉक्टर. एक मत मिळालं, अनामत रक्कम वाचली.

---

मूकपट_वेडी

तुम्ही सगळे बोलपटापासून सुरुवात करताय. ही प्रथा मूकपटांतली आहे. विल्यम एस. हार्ट आणि त्याचा अबलख घोडा फ्रिट्झ. नावानिशी गाजलेला पहिला सिनेघोडा हाच, असं साधारण मानतात. हार्ट स्वतः रंगभूमीवर शेक्सपिअर करून आलेला, गंभीर चेहऱ्याचा माणूस. कॅलिफोर्नियात न्यूहॉलला त्याचं रँच आहे, आता सार्वजनिक बाग-संग्रहालय आहे. फ्रिट्झला तिथेच पुरलं, वर दगड आहे. कातडं वगैरे काही काढलं नाही.

त्यानंतर टॉम मिक्स आणि टोनी. टोनीच्या नावाचा स्वतंत्र सिनेमाच निघाला १९२२ साली. १९२७मध्ये ग्राउमनच्या चायनीज थिएटरसमोरच्या सिमेंटमध्ये मिक्सच्या हातापायांच्या ठशांसोबत टोनीच्या टापांचेही ठसे उमटवले. पुढे ट्रिगर आणि चॅम्पियन यांचेही तिथे आले. हॉलिवूडला गेलात तर मर्लिन मन्रोच्या हातात हात घालून झाला की जरा खाली बघत पुढे चला, नाल दिसतील.

मिक्स १९४० साली मोटार अपघातात गेला. टोनी दोन वर्षं जास्त जगला.

---

गिरगावचा_गोट्या

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही : आपल्या मुंबईतही हा प्रकार होता की! वाडिया मूव्हिटोनच्या 'हंटरवाली' (१९३५) आणि पुढच्या स्टंटपटांत नाडियाचा घोडा 'पंजाब का बेटा' म्हणून जाहिरातीत झळकायचा. वाडिया बंधू अमेरिकी स्टंटपटांचे भक्त, त्यामुळे हे कुठून आलं ते उघड आहे. त्यांची मोटारसुद्धा पात्र होती, 'रोल्स रॉईस की बेटी'.

फरक एवढाच की तिकडे हिरो घोड्यावर आणि हिरॉइन खिडकीत. इकडे नाडिया घोड्यावर आणि हिरो कुठेतरी खांबाला बांधलेला.

---

मूकपट_वेडी

गोट्या, हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

---

अश्विनी_रायडर

मी रायडिंग शिकवते, म्हणून कामाच्या बाजूनं सांगते.

सिनेमातल्या घोड्याचं अवघड काम म्हणजे दोन पायांवर उभं राहणं नव्हे. ते दिसायला भारी, शिकवायला तुलनेनं सोपं. अवघड काम म्हणजे स्वस्थ उभं राहणं. समोर दिव्यांची भिंत, डोक्यावर हलणारा माईक, शेजारी बंदुकीचे बार, वर बसलेला नट संवाद विसरून पाचव्यांदा तेच बोलतोय, आणि घोड्यानं मान न झटकता त्याच जागी उभं राहायचं. बारांसाठी घोड्यांच्या कानात कापूस घालतात, तरी धक्का कळतोच. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. त्यानं न पळणं हाच त्याचा अभिनय.

म्हणून एकच घोडा वीस वर्षं एकाच नटाबरोबर, याचं मला अप्रूप वाटतं. तुमच्या मांड्यांचा दाब, लगाम धरायची सवय, तुम्ही घाबरलात की श्वास कसा बदलतो, हे सगळं तो ओळखून असतो. पायच्या कानात स्टुअर्ट काय बोलला याला महत्त्व नाही, ओळखीचा आवाज होता याला आहे.

आणि ज्यांना बसता येत नाही ते नट लांबून ओळखू येतात. दुडक्या चालीत कोपर पंखासारखी फडफडतात आणि लगाम खेचून घोड्याचं तोंड उघडं. असा शॉट आला की माझं कथेकडे लक्षच राहत नाही.

---

नागपुरी_तडका

मॅडम, मग बेस्ट कोण बसते? जॉन वेन?

---

अश्विनी_रायडर

वेन ठीक. उंच माणूस, त्याला शोभेल असा दांडगा घोडा लागायचा. शेवटच्या काळात डॉलर नावाचा तांबूस घोडा त्याचा इतका लाडका होता की मालकाशी करार करून दुसऱ्या कुणाला सिनेमासाठी द्यायचा नाही असं ठरवून घेतलं. 'द शूटिस्ट'मध्ये (१९७६, त्याचा शेवटचा सिनेमा) घोड्याचं खरं नाव संवादात घालायला लावलं.

पण बैठक बघायची तर बेन जॉन्सन. प्रश्नच नाही. ओक्लाहोमाचा खरा गुराखी, घोडे पोचवायला हॉलिवूडला आला आणि तिथेच राहिला. १९४९च्या 'शी वोर अ यलो रिबन'मध्ये तो चौखूर उधळलेल्या घोड्यावर बसलाय, कमरेच्या वरचं अंग जागचं हलत नाही. मधेच नटगिरी सोडून रोडिओत (गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांत) गेला आणि १९५३ साली टीम रोपिंगचा, म्हणजे जोडीनं दोर टाकून गुरं पकडण्याचा, जगज्जेता झाला. नंतर ऑस्करही मिळवलं. फॅट जोन्स म्हणून घोडे भाड्यानं देणारी मोठी पागा होती, तिच्या मालकाच्या मुलीशी लग्न केलं.

---

खोगीरभरती

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. भाडं वाचलं.

---

निमूट

सगळ्यांचं वाचलं. छान चाललंय, पण ज्यांना नावं नव्हती त्या घोड्यांबद्दल कुणीच बोललं नाही.

'रनिंग डब्ल्यू' नावाचं साधन होतं. घोड्याच्या पुढच्या पायांना पट्टे, त्यांतून वर पोटापाशी जाणारी पोलादी तार, तारेचं दुसरं टोक जमिनीत गाडलेल्या खुंटाला. स्वार घोडा भरधाव सोडतो. तारेची लांबी संपली की पाय खालून ओढले जातात आणि घोडा तोंडावर कोसळतो. पडद्यावर : 'वा, काय गोळी लागली!' स्वाराला कुठे पडायचं ते ठाऊक असायचं, घोड्याला नाही. मान मोडायची, पाय मोडायचे, वाचलेले पुन्हा पळायला धजावत नसत.

१९३६च्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड'मध्ये हे इतकं झालं की नायक एरॉल फ्लिन दिग्दर्शक मायकेल कर्टिझवर भडकला. १९३९च्या 'जेसी जेम्स'मध्ये उंच कड्यावरून घोड्याला निसरड्या फळीवरून सरोवरात लोटलं. स्टंटमॅन वाचला, घोडा मेला. त्यावर एवढा गदारोळ झाला की १९४० साली अमेरिकन ह्युमेन असोसिएशननं हॉलिवूडमध्ये कचेरी उघडली आणि चित्रीकरणावर देखरेख सुरू झाली.

ती देखरेख हेज कार्यालयाच्या, म्हणजे हॉलिवूडच्या स्वतःच्या सेन्सॉरच्या, आधारावर उभी होती. १९६६ साली जुनी सेन्सॉर नियमावली मोडीत निघाली तशी या लोकांना सेटवर पाऊल ठेवायचा अधिकारच उरला नाही. पुढे १९८०च्या 'हेवन्स गेट'मध्ये स्फोटात घोडा मेला, पुन्हा ओरड, आणि मग नटसंघाच्या करारातच देखरेखीची अट आली. शेवटी जी 'एकाही प्राण्याला इजा झाली नाही' अशी पाटी येते, तिच्यामागे एवढा इतिहास आहे.

ट्रिगरच्या पायाला कधी तार बांधली गेली नसणार. कारण उघड आहे.

---

गिरगावचा_गोट्या

बाप रे. आता लहानपणी बघितलेली प्रत्येक लढाई पुन्हा आठवून बघायला लागलो.

---

नागपुरी_तडका

निमूटराव, खरं आहे राजेहो, पण रविवार खराब केला ना.

---

अश्विनी_रायडर

निमूट यांच्या मुद्द्याला जोडून : पडायला शिकवलेले घोडेही होते. स्वार एका बाजूला लगाम ओढून इशारा देतो, घोडा त्या कुशीवर आडवा होतो. जमीन आधी खणून, वाळू-भुसा घालून मऊ केलेली असते. असा घोडा तयार व्हायला बराच काळ लागतो आणि तो महाग असतो. म्हणजे दयाळू पद्धत उपलब्ध होती. तार स्वस्त होती, एवढाच फरक.

---

मूकपट_वेडी

आणि बाहुलीही होती. १९२४च्या एका सिनेमात हार्टनं फ्रिट्झला दरीत पाडायचा प्रसंग बनावट घोडा करून घेतला. तो इतका खरा वाटला की सेन्सॉरच्या मंडळींनी त्यालाच जाब विचारला.

---

खोगीरभरती

वातावरण हलकं करायला : तो कर्टिझ मूळचा हंगेरियन, इंग्रजीची बोंब. लाइट ब्रिगेडच्याच सेटवर बिनस्वारांचे घोडे सोडायचे होते तेव्हा तो भोंग्यावरून ओरडला, 'रिकामे घोडे आणा!' डेव्हिड निव्हन आणि फ्लिन हसून बेजार. निव्हननं पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकाला तेच नाव दिलं.

---

इतिहासाचा_मास्तर

इथवरच्या चर्चेत एक गृहीतक कुणी तपासलंच नाही : 'एक काउबॉय, एक घोडा'.

खऱ्या काउबॉयांचा काळ म्हणजे यादवी युद्धानंतरची वीसेक वर्षं. टेक्सासमधून हजारो गुरं हाकत कॅन्ससमधल्या रेल्वेस्थानकांपर्यंत न्यायची. १८६७पासून अॅबिलीन हे पहिलं मोठं ठाणं. या प्रवासात प्रत्येक गुराख्याच्या वाट्याला अनेक घोडे असत, सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, रात्रीच्या राखणीचा वेगळा. सगळ्या राखीव घोड्यांच्या कळपाला रेमुडा म्हणत आणि तो सांभाळायला स्वतंत्र पोऱ्या असे. बहुतेक घोडे मालकाचे; गुराख्याचं स्वतःचं म्हणाल तर खोगीर. घोडेही मस्टँग रक्ताचे, बुटके, काटक. ट्रिगरसारखा सोनेरी, शॅम्पू केलेला घोडा त्या धुळीत कुणी बघितला असता तर आधी चोरीचा समजला असता.

भरधाव पाठलागाचंही तेच. घोडा पूर्ण वेगात दोन-तीन किलोमीटरनंतर दमतो. घोड्यांवरून टपाल नेणारे पोनी एक्सप्रेसवाले (१८६०-६१) दर पंधरा-वीस किलोमीटरला घोडा बदलत, ते उगाच नाही. गुरांचा तांडा दिवसाला पंचवीसेक किलोमीटर चालायचा, तोही चरत चरत. आपण पडद्यावर बघतो तो वेग अमेरिकेनं बहुतांशी स्टुडिओतच गाठला.

तेव्हा प्रोजेक्टर यांच्या शंकेच्या एक पायरी आधी जायला हवं. स्टुडिओनं ट्रिगर-रॉयचं नातं रचलं का, यापेक्षा मोठी गोष्ट ही की माणूस आणि त्याचा एकमेव घोडा ही कल्पनाच त्या मातीत फारशी नव्हती. ती सरदार-राजांच्या गोष्टींतून उचललेली आहे.

---

रांगडा_पन्हाळगडी

मास्तर, खोगीर स्वतःचं आन घोडा मालकाचा म्हंजे आमच्याकडच्या बारगिरासारखंच झालं की. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला सरकारी.

---

इतिहासाचा_मास्तर

अगदी तसंच. म्हणजे सगळे खरे काउबॉय बारगीर, आणि पडद्यावर मात्र एकजात शिलेदार.

---

हेमांगी_के

माथेरानला घोडेवाल्यानं आम्हाला 'सलमान'वर बसवलं होतं. परत येताना तोच घोडा दुसऱ्या ग्रुपला 'शाहरुख' म्हणून दिला. प्रोजेक्टर म्हणतात त्याच्या बरोबर उलटं, एक घोडा आणि नावं अनेक.

---

जुना_प्रोजेक्टर

हाहा हेमांगी. बरं, मूळ मुद्द्यावर येतो.

पायची गोष्ट मी मनापासून मान्य करतो, आणि ती माझ्या बाजूनंच बोलते असं माझं म्हणणं आहे. पायला प्रसिद्धी नव्हती म्हणूनच ते नातं तपासता येतं. ट्रिगर, चॅम्पियन, सिल्व्हर यांच्याभोवती विक्रीचा एवढा गुंता आहे की त्यातून खरं नातं वेगळं काढायची सोय नाही. रॉयचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. ते आपल्याला दिसू शकत नाही, एवढंच.

निमूट यांच्या प्रतिसादानंतर मात्र माझ्या मूळ प्रश्नापेक्षा वेगळाच हिशोब मांडावासा वाटतो. नाव मिळणं म्हणजे विमा होता. ज्याचं नाव पोस्टरवर त्याच्यासाठी बदली घोडा, मऊ वाळू, अगदी बाहुलीसुद्धा. ज्याचं नाव नाही तोच त्या लढाईत तारेवर पडायचा. त्या अर्थानं प्रसिद्धी खात्यानं निदान काही घोड्यांचे तरी पाय वाचवले.

---

निमूट

हे पटलं.

---

टापटीप

मला अर्धंच पटलं. पायला तर नाव कुठे होतं पोस्टरवर? त्याला स्टुअर्टनं वाचवलं, प्रसिद्धी खात्यानं नाही. सेटवरचा सर्वांत वजनदार माणूस तुम्हाला ओळखत असेल तर तोही विमाच.

---

खोगीरभरती

थोडक्यात, ऑफिससारखंच.

आता माझ्या आवडत्या घोड्याबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून मीच बोलतो. 'कॅट बॅलू' (१९६५). ली मार्विन दारू पिऊन घोड्यावर बसल्या बसल्या झोपलाय, आणि घोडाही भिंतीला टेकून, पायावर पाय टाकून, मालकाइतकाच तर्र. सगळा विनोद त्या घोड्याच्या पायांत आहे. मार्विनला ऑस्कर मिळालं तेव्हा तो व्यासपीठावर म्हणाला की यातला अर्धा वाटा सॅन फर्नांडो खोऱ्यात कुठेतरी असलेल्या एका घोड्याचा आहे.

नात्याचं माहीत नाही, पण श्रेय द्यायची पद्धत म्हणाल तर ही.

---

गिरगावचा_गोट्या

+१०० खोभ. बऱ्याच नटांना माणसांच्या बाबतीतही हे जमत नाही.

---

नागपुरी_तडका

आता एक सांगा. मी यातला एकबी पिक्चर पाह्यला नाही, फक्त 'मॅकेनाज गोल्ड' माहीत आहे, तेही बाबांनी सांगितलं म्हणून. पहिले कोणता पाहू? पोरं सोबत बसतीन, म्हणून ते तारवाले नको.

---

टापटीप

तडकाभाऊ, 'द फार कंट्री'. रंगीत आहे, कॅनडातल्या बर्फाच्या डोंगरांत चित्रित केलाय, पोरं कंटाळणार नाहीत. खोगिराला एक घंटी बांधलेली दिसेल, तिच्यावर पहिल्यापासून लक्ष ठेवा.

---

खोगीरभरती

आणि मग 'कॅट बॅलू'. पण पोरांनी भिंतीला टेकून पायावर पाय टाकला की ओरडू नका.

---

नागपुरी_तडका

चालते. आज रात्रीच लावतो. घोडा खरंच एकटा चालला नाही तर तुमच्या नावानं वेगळा धागा काढीन, टापटीपराव.